पेरू टूर : माचू पिच्चू होईलच, पण कोकाचा अर्धा दिवस चुकवू नका

आमच्या सांगलीतल्याच एका टूरवाल्यांकडून मिसेस आणि मी पेरू-बोलिव्हिया केलं. माचू पिच्चूबद्दल लोकांनी भरपूर लिहिलंय, फोटोत दिसतं तसंच आहे, गर्दी आहे, पुढं जाऊ. मला लिहायचंय ते पेरूतल्या कुस्को शहरातल्या ऑप्शनल अर्ध्या दिवसाबद्दल, कोका म्हणजे ज्यातून कोकेन काढतात त्या झुडपाच्या पानांची ओळख करून देतात तो, ज्याचे पैसे वेगळे लावतात म्हणून आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक आलेच नाहीत.

कुस्को ३,४०० मीटरवर आणि आपली सांगली साडेपाचशेवर, त्यामुळं हॉटेलचा जिना चढतानाच धाप लागते. रिसेप्शनला कोकाचा चहा ठेवलेला असतो, म्हणजे गरम पाण्यात चार सुकी पानं, बास. चव गवताळ, जरा कडसर. नशा बिशा काही नाही, जरा तरतरी येते इतकंच. पण त्यानं सगळं बरं होतं असं समजू नका, मिसेसचं डोकं रात्रभर दुखलंच, उंचीच्या त्रासासाठी डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या चालू ठेवा.

मग सान पेद्रो मार्केट. मी हळदीच्या सौद्यातला माणूस, पोतं दिसलं की हात आत जातोच, तर विकणारी मावशी हसली आणि तिनं स्वतःच दाखवलं, चांगलं पान हिरवं आणि अख्खं असतं, सुकवताना ओल लागली की तपकिरी पडतं आणि भाव गेला. हे पीक कुस्कोच्या थंडीत येत नाही, खाली कियाबाम्बाकडच्या उबदार उतारावर येतं आणि वर्षातून तीन-चार तोडे निघतात. ग्रुपमधले एक काका सारखे 'कोकेन, कोकेन' करत होते, त्यांना गाईड बाईंनी शांतपणे सांगितलं की पानात तो अंश साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी असतो, तो वेगळा काढला जर्मनीत १८६० च्या सुमारास, आणि पेरूत पान चघळल्याचे पुरावे ८,००० वर्षांपूर्वीचे आहेत. काका गप्प.

चघळायची पद्धत आपल्याला लगेच कळते, तंबाखूला चुना तसंच गणित आहे. इथं चुन्याच्या जागी किन्वा नावाच्या तिकडच्या धान्याच्या काड्यांच्या राखेची काळी वडी असते, तिला लिप्ता म्हणतात. पानं एकेक करून गालात ठेवायची, ओली झाली की लिप्ताचा कण लावायचा, मग रस सुटतो आणि गाल बधिर होतो. थुंकायचं नाही, रस गिळायचा. शेतकरी आणि खाणकामगार भूक, थकवा मारायला हेच करतात. पुढं बोलिव्हियात पोतोसीला खाणीतसुद्धा बघितलं, तिथं एल तिओ नावाच्या शिंगवाल्या मूर्तीपुढं कामगार पानं आणि सिगारेट ठेवतात, मगच कामाला लागतात.

सगळ्यात भारी म्हणजे गावातला भाग राव. एका आजोबांनी तीन अख्खी पानं निवडून बोटांत धरली, औसांगाते डोंगराकडं तोंड करून त्यावर फुंकर मारली, पाचामामाचं म्हणजे धरणीमातेचं नाव घेतलं आणि मग आम्हाला दिली. पानं दोन्ही हातांनी घ्यायची, एका हातानं घेतली तर बरं दिसत नाही. लग्नाची बोलणी असोत, शेतीची सुरुवात असो नाहीतर मयत असो, पान पाहिजेच. शो म्हणून केलंय असं कुठं वाटलं नाही, घाई मात्र आमच्याच टूर मॅनेजरची, लंच चुकेल म्हणून. लंचला परत बटाटेच होते.

आता एक स्टार का कापला ते. मॅनेजर म्हणाला कोकाच्या टी-बॅग घरी घेऊन जा, काही होत नाही. अहो, होतं! आपल्याकडच्या १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचं पान सरळ नावानं आहे आणि शिक्षा १० वर्षांपर्यंत जाऊ शकते. तिथं कायदेशीर आहे, बोलिव्हियानं तर पान चघळायचा हक्क राहावा म्हणून अमली पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय करारातून बाहेर पडून २०१३ ला अट घालून परत एन्ट्री घेतली, पण मुंबई एअरपोर्टला हे कोण ऐकणार? आणि ज्यांच्या नोकरीत ड्रग टेस्ट होते त्यांनी चहासुद्धा टाळा, नुसत्या चहानं रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. हे टूरवाल्यांनी निघायच्या मीटिंगमध्येच सांगायला पाहिजे होतं.

बाकी ४ स्टार. बुक करताना हा अर्धा दिवस पॅकेजमध्येच घालून मागा, तिथं गेल्यावर घेतलात तर जास्त लावतात.