आयबीएम 3278 टर्मिनल: काही महिने रोज वापरल्यानंतर

जुनं मेनफ्रेम टर्मिनल, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकाला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड, घ्यावं का, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. विचारणारे बहुतेक आपलेच लोक. सीप्झमध्ये नाहीतर पुण्यात कोबोल या जुन्या संगणकी भाषेवर उमेदवारी केलेले आणि वायटूकेच्या, म्हणजे सन 2000च्या तारीख-घोळाच्या लाटेत अमेरिकेत येऊन इथेच स्थिरावलेले. त्यांना माझं उत्तर एकच: जरूर घ्या, पण ते जोडायची तयारी असेल तरच. नुसतं पुसूनपासून कोपऱ्यात मांडलेलं 3278 बघायला छान दिसतं, पण त्याच्यात खरी मजा काय आहे ते तसं कधीच कळत नाही.

माझ्याकडचं मॉडेल 2 आहे. 24 ओळी, ओळीत 80 अक्षरं, हिरवा पडदा आणि 75 कळांचा कीबोर्ड. आयबीएमची 3270 मालिका 1971 साली आली आणि 3278 त्याच दशकाच्या उत्तरार्धात. आम्ही भारतात काम शिकलो तेव्हा समोर पीसी होता आणि त्यात एम्युलेटर, म्हणजे टर्मिनलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. खरं टर्मिनल आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलंही नव्हतं. त्यामुळे ही माझ्यासाठी आठवणींची उजळणी नव्हती. वीस-पंचवीस वर्षं ज्याची नक्कल वापरली, ते मूळ काय होतं हे समजून घ्यायचं होतं.

पहिली गोष्ट ही कळली की या डब्याला स्वतःचं डोकं जवळजवळ नाहीच. आपल्या रेल्वे आरक्षणाच्या खिडकीवर जे व्हीटी जातीचे टर्मिनल असायचे, त्यांना सिरियल केबल लावली की टाइप केलेलं अक्षर तिकडे जायचं आणि तिकडचं इकडे दिसायचं. 3278चं तसं नाही. त्याच्या मागे एकच बीएनसी सॉकेट आणि त्यात 93 ओहमची आरजी-62 केबल. पलीकडे कंट्रोलर, म्हणजे टर्मिनल आणि मेनफ्रेमच्या मधलं यंत्र, हवाच. कंट्रोलर सतत विचारत राहतो, ‘काही दाबलंस का?’ टर्मिनल फक्त कळेचा क्रमांक कळवतं. त्या क्रमांकाचं अक्षर कोणतं, ते पडद्यावर कुठे उमटवायचं, कर्सर कुठे सरकवायचा, हे सगळं कंट्रोलर ठरवतो आणि टर्मिनलच्या मेमरीत लिहून देतो. हा संवाद सेकंदाला सुमारे 23.6 लाख बिट इतक्या वेगाने चालतो, आणि केबल दीड किलोमीटर लांब असली तरी चालतो. सत्तरच्या दशकातलं हे काम आहे! टंकलेखन करणाऱ्या माणसाला मधला हा व्यवहार जाणवतही नाही.

मूळ 3274 किंवा नंतरचा 3174 कंट्रोलर घरात ठेवणं मला तरी झेपणारं नव्हतं. सुदैवाने हौशी मंडळींनी त्याला पर्याय तयार केला आहे. एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं घडवता येणारी चिप) बसवलेला छोटा बोर्ड केबलवरचे सिग्नल सांभाळतो आणि ओईसी नावाचं मोफत सॉफ्टवेअर कंट्रोलरची भूमिका करतं. माझ्याकडे हे दोन्ही रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आहे आणि त्याच पायवर हर्क्युलिस हे मेनफ्रेमची नक्कल करणारं सॉफ्टवेअर चालतं. रॉजर बोलर यांनी 1999 साली आणलेल्या या एम्युलेटरवर एमव्हीएस 3.8जे ही आयबीएमची जुनी ऑपरेटिंग सिस्टम अगदी मजेत धावते. युर्गेन विंकेलमान यांनी तयार केलेलं टीके4- हे आयतं पॅकेज घेतलं तर एमव्हीएस बसवण्याचा मोठा व्याप वाचतो. थोडक्यात, तळहाताएवढ्या पायमध्ये मेनफ्रेम आणि टेबल व्यापून बसलेलं टर्मिनल. केबलच्या बाबतीत एक सांगतो. खोलीतल्या खोलीत टीव्हीची 75 ओहमची केबलही चालून जाते. लांब ओढायची असेल तर आरजी-62च शोधा.

दुरुस्तीबद्दल फार लिहीत नाही, कारण प्रत्येक नगाचं दुखणं वेगळं. पण पिक्चर ट्यूबजवळचं काम माझ्या टीव्ही दुरुस्तीत मुरलेल्या मित्राने केलं आणि मी शेजारी उभा राहिलो. वीज काढल्यावरही ट्यूबमध्ये जिवावर बेतेल इतका भार राहू शकतो. ज्याला ती सुरक्षितपणे डिस्चार्ज करता येत नाही त्याने मागचं झाकण उघडू नये. इथे धाडस करण्यात काही अर्थ नाही.

कीबोर्ड मात्र मी स्वतः उघडला, आणि त्याच्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. त्याला बीम स्प्रिंग म्हणतात. कळ दाबली की पोलादी पट्टी टचकन वाकते आणि तळाची पातळ प्लेट सर्किटवरून उचलली जाते. सर्किटला तो फरक कळतो, धातूला धातू लागून प्रवाह वाहण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे प्लेटखाली कचरा शिरला की न दाबलेली कळही दाबल्यासारखी वाटते. माझा एम असाच आपोआप उमटत होता. धूळ आत जाऊ नये म्हणून घातलेला रबरासारखा पडदा वयाने कडक होऊन त्याचे तुकडे पडले होते आणि त्यातलाच एक कण प्लेटखाली बसला होता. प्रत्येक मोड्यूल काढून, पुसून, परत बसवण्यात बरेच रविवार गेले. पण त्यानंतर हाताला जे लागलं त्याच्या जवळपासही आजचा कोणताही कीबोर्ड येत नाही. शिवाय आत एक सोलेनॉइड आहे, तो दर दाबेला ठक्क असा आवाज देतो. हा आवाज करायचा की नाही, तेही कंट्रोलर केबलवरून सांगतो!

पीसीवरच्या एम्युलेटरमध्ये उजवा कंट्रोल दाबला की एंटर होतं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. ते तसं का, हा प्रश्न मला नोकरीत कुणी पडू दिला नाही. 3278वर हात ठेवला की उत्तर मिळतं. जिथे आज एंटर असतो तिथे नवीन ओळीची कळ आहे आणि खरा एंटर खाली उजव्या कोपऱ्यात आहे. नवीन ओळीची कळ कितीही वेळा दाबा, मेनफ्रेमला पत्ताही लागत नाही. संपूर्ण पडदा भरा, खोडा, पुन्हा भरा. मेनफ्रेमला एकदाच, एंटर किंवा पीएफसारखी हुकूम देणारी कळ दाबल्यावर कळतं, आणि तेही फक्त बदललेल्या रकान्यांपुरतं. एकाच यंत्रावर शेकडो माणसं कशी काम करू शकत, याचं मोठं कारण हेच.

रोजच्या वापरात अडखळायला होतं ते इन्सर्टपाशी. रकान्याच्या शेवटी दिसणारी मोकळी जागा दोन प्रकारची असते: खरी रिकामी, म्हणजे नल, किंवा स्पेसने भरलेली. डोळ्यांना फरक दिसत नाही. शेवटी स्पेस असतील तर मध्ये एक अक्षरही घुसवता येत नाही. कीबोर्ड अडतो आणि तळाच्या ओळीत फुली, शेजारी छोटा माणूस आणि > अशी खूण येते. मजकूर मावत नाही, असा त्याचा अर्थ. तोच माणूस दोन बाणांच्या मध्ये दिसला तर कर्सर बंद रकान्यात आहे, दुसरीकडे जा. मग रिसेट दाबायचं, मजकुराच्या शेवटी जाऊन इरेझ ईओएफ (कर्सरपासून रकान्याच्या शेवटापर्यंत पुसणारी कळ) दाबायचं आणि पुन्हा इन्सर्ट. पहिल्या आठवड्यात याने वैताग आला. आता बोटं आपोआप करतात, आणि अडचण शब्दाविना सांगणाऱ्या त्या खुणा मला फार आवडतात.

उणिवाही आहेत. 75 कळांच्या कीबोर्डवर पीएफ कळा वेगळ्या नाहीत, वरच्या आकड्यांबरोबर ऑल्ट दाबायचा. एडिटरमध्ये पीएफ7 आणि पीएफ8ने सारखं वरखाली जायचं असेल तर दोन्ही हात अडकतात. लांबलचक कोड तपासायला मी अजूनही लॅपटॉपच घेतो. उन्हाळ्यात खोली चांगलीच तापते. पडद्यावर जुन्या मालकाच्या मेनूच्या ओळी जळून उमटल्या आहेत, त्या जाणार नाहीत. माझ्या हातून तेच होऊ नये म्हणून उठताना मी उजळपणा खाली आणतो. भारतात न्यायचा विचार असेल तर मागच्या पट्टीवर व्होल्टेजबरोबर फ्रिक्वेन्सीही वाचा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर 230चे 115 करेल, पण 50 हर्ट्झचे 60 करणार नाही.

आणि विकत घेताना कीबोर्ड सोबत आहे याची खात्री करा. बीम स्प्रिंगला कीबोर्ड जमवणाऱ्यांकडे मोठी मागणी आहे, म्हणून विक्रेते तो काढून वेगळा विकतात आणि उरलेलं टर्मिनल ‘चालू स्थितीत’ म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. मलाही एका विक्रेत्याने आधी तसंच देऊ केलं होतं. एक टर्मिनल असं कायमचं मुकं होतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन्ही एकत्र मिळत असतील तर थोडे जास्त पैसे द्या. कीबोर्डची केबल मुळाशी तुटलेली नाही ना ते बघा. आणि कुरियरने न मागवता स्वतः गाडी घेऊन जा, ट्यूबचं तोंड सीटच्या पाठीकडे करून पट्ट्याने आवळा.