टेकडीमागचं घोडदळ की राखीव घोडदळ?

जळगावात आम्ही टेबलावर छोट्या सैनिकांच्या बाहुल्या मांडून लढाईचा खेळ खेळतो. तिथे हा वाद नेहमीचा: बगलेवर मारा करायचं घोडदळ आधीच टेकडीमागे मांडायचं, की टेबलाबाहेर राखीव ठेवून नंतर कडेने आत आणायचं?

टेकडीमागे ठेवलं तर ते समोरच्या गड्याला दिसतं, त्याच्या तोफांना दिसत नाही. धास्तीनेच तो दोन पलटणी तिकडे वळवतो. फासा न टाकता मिळालेला फायदा. अडचण वाटेची. केळीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याची ती टेकडी चढताना बऱ्याच नियमांत चाल कमी होते. म्हणून घोडी मधोमध नको, उताराच्या टोकाशी हवीत.

राखीव तुकडी मारा चुकवते, पण येते उशिरा. 'वॉरहॅमर ४०,०००' या अशाच खेळाच्या दहाव्या आवृत्तीत साधारणपणे दुसऱ्या फेरीपासून, तीही शत्रूपासून ९ इंचांहून लांब.

बगलेवरच्या चालीचं खरं उदाहरण जवळच आहे: अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की पलीकडे असई. तिथे २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्ली नदी ओलांडून मराठी फौजेच्या डाव्या बगलेवर निघाला. फौजेने वेळीच तोंड फिरवलं, तोफांनी इंग्रजांना भाजून काढलं. जिंकले इंग्रजच, पण फार माणसं गमावून.

तरी चार बाय चार फुटांच्या टेबलावर मी टेकडीच घेईन. सहा फुटी टेबल असेल आणि समोरचा कडेला निष्काळजी असेल, तर राखीव.