ऑटोकॅडमधला ब्लॉक: फोडावा, क्लिप करावा की झाकावा?

ऑटोकॅडमध्ये ट्रिम (रेघ कापायची कमांड) घेतलं, रेघेवर क्लिक केलं आणि काहीच कापलं गेलं नाही. ब्लॉकपाशी, म्हणजे नाव देऊन एकत्र बांधलेल्या रेघांच्या गटापाशी, प्रत्येक जण कधीतरी असा अडतो. मूळ ब्लॉक बदलला की ड्रॉइंगमधल्या त्याच्या सगळ्या कॉपी बदलतात. ब्लॉकची कड धरून बाहेरची रेघ ट्रिम करता येते, पण ब्लॉकच्या आतली रेघ कापता येत नाही, कारण ऑटोकॅडच्या लेखी तो अख्खा ब्लॉक म्हणजे एकच वस्तू. मग कुठली वाट धरायची? माझ्या मते आधी एकच प्रश्न विचारावा: हा ब्लॉक पुढे बदलणार आहे का?

हात आधी जातो तो एक्सप्लोडकडे, म्हणजे ब्लॉक फोडून त्याच्या सुट्या रेघा करण्याकडे. मीही पहिली काही वर्षं तेच करायचो. एका इमारतीच्या कामात टिपिकल फ्लॅटच्या ब्लॉकवरून टॉयलेटचं १:२० चं डिटेल काढायचं होतं. मी ब्लॉकची कॉपी फोडली, नको ते पुसलं, टाइल्स नि फिटिंग्ज काढली. दोन आठवड्यांनी खिडकी ६०० मिमीची ७५० झाली. ब्लॉक सुधारला तशी सगळ्या मजल्यांवर खिडकी बदलली, पण डिटेलमध्ये ६०० च राहिली. साइटवर गवंड्याच्या हातात होतं ते डिटेल. बांधलेली भिंत फोडावी लागली, ते मी अजून विसरलेलो नाही.

शिवाय फोडल्यावर अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (ब्लॉकमधल्या मजकुराच्या रकान्यात) भरलेलं जातं. दाराच्या चिन्हात 'डी२' होतं, तिथे नुसतं टॅगचं नाव उरतं. फोडायचंच असेल तर एक्स्प्रेस टूल्स या ऑटोकॅडच्या जादा कमांड्सच्या संचातलं बर्स्ट वापरा, त्यात मजकूर टिकतो. पण ब्लॉक मोजून दारांची यादी काढायची असेल, तर ते दार त्या मोजणीतून गेलं ते गेलंच.

एक्सक्लिप, म्हणजे ब्लॉकचा चौकटीतला भागच दाखवणारी कमांड, हे माझ्या लेखी पहिलं उत्तर. एक्ससी टाइप करा, ब्लॉक निवडा, एंटर दाबून 'न्यू बाउंड्री' घ्या आणि आयत किंवा बहुभुज काढा. चौकटीबाहेरचं दिसेनासं होतं, पुसलं जात नाही. चौकट काढून टाकली की ब्लॉक जसाच्या तसा परत येतो. ब्लॉक हलवला तर चौकटही सोबत जाते, आणि मूळ ब्लॉक सुधारला की क्लिप केलेल्या कॉपीतही बदल दिसतो. माझं ते डिटेल असं केलं असतं तर ७५० ची खिडकी आपोआप आली असती. उलट क्लिपही करता येतं, म्हणजे चौकटीच्या आतलं लपवून बाहेरचं ठेवता येतं. चौकटीची रेघ प्रिंटमध्ये नको असेल तर एक्सक्लिपफ्रेम हे सेटिंग ० किंवा २ ठेवा. २ ला ती स्क्रीनवर दिसते, प्लॉटमध्ये येत नाही. १ ला दोन्हीकडे येते.

एक्सक्लिप अडतं ते गोलाईपाशी, कारण त्याला सरळ बाजूंची चौकट लागते. गोल डिटेल हवं असेल तर एक्स्प्रेस टूल्समधलं क्लिपइट घ्या, ते वर्तुळ चालवून घेतं. ते नसेल तर भरपूर बाजूंचा पॉलिगॉन काढून 'सिलेक्ट पॉलिलाइन'ने तो दाखवा. कागदावर फरक कळत नाही.

वाइपआउटने कापायचं काम करू नये असं मी स्पष्ट सांगेन. ते खालचं झाकायला वरून लावलेलं ठिगळ आहे. ब्लॉक हलला तरी ठिगळ जागच्या जागी राहतं, आणि ड्रॉ ऑर्डर (कोणती वस्तू वर, कोणती खाली हा क्रम) चुकली तर खालची ग्रिडलाइन नि मापंही झाकली जातात. मात्र ग्रिडवर बसणाऱ्या सेक्शनच्या चिन्हात, त्या ब्लॉकच्या आतच वाइपआउट घातलं, तर ते फार उपयोगी पडतं.

काही वेळा ब्लॉकच मुळात वेगळा हवा असतो, उदाहरणार्थ अर्धं झाड किंवा एका हाताचा सोफा. तेव्हा ब्लॉक एडिटरमध्ये ट्रिम करा, पण आधी 'सेव्ह ब्लॉक अ‍ॅज'ने नवं नाव द्या. तसं न करता सेव्ह केलंत तर ड्रॉइंगमधली सगळी झाडं अर्धी होतील. तोच तुकडा पाच-दहा ठिकाणी लागणार असेल तर हीच वाट बरी, प्रत्येक ठिकाणी चौकट काढत बसण्यापेक्षा.

फाइल बाहेर जाणार असेल तेव्हा मात्र एक्सक्लिपवर विसंबू नका. लपवलेला भाग फाइलमध्येच असतो, आणि समोरच्याने ब्लॉक फोडला की सगळं उघडं पडतं. अशा वेळी फाइलची वेगळी कॉपी करा, तिच्यात ब्लॉक बर्स्ट करा, नको तो भाग खरोखरच पुसा आणि फाइलमध्ये उरलेला मूळ ब्लॉकही पर्जने काढून टाका.