रत्नागिरीतला रिसर्च इंग्लिशचा क्लास: तीन महिने केला, कसा वाटला ते सविस्तर

गेले काही दिवस कॉलेजातल्या बऱ्याच जणी विचारतायत की तू मारुती मंदिरच्या पुढे तो क्लास केलास ना, कसाय, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मोठं होणारे, पण ज्यांना पीएचडी नाहीतर एमएस्सीचा थिसिस लिहायचाय किंवा ज्यांच्या घरातलं कोणी बोटीवर जायची तयारी करतंय त्यांनी पूर्ण वाचा.

आधीच सांगते, हा स्पोकन इंग्लिशचा क्लास नाहीये. 'तीस दिवसांत फाडफाड' असलं काही डोक्यात असेल तर जाऊ नका. इथं दोन बॅच चालतात, एक रिसर्च पेपर आणि थिसिस लिहिणाऱ्यांची आणि दुसरी मर्चंट नेव्हीत जाणाऱ्या मुलांची. शनिवार रविवार, सकाळी साडेनऊ ते साडेबारा, तीन महिने, मी साडेनऊ हजार भरले, दोन हप्त्यांत. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येतं. सुरुवातीला मला त्याचा वैताग आला होता, पण त्या पार्टिशनमुळेच मला एक गोष्ट कळली, ती पुढे सांगते.

मी का गेले ते सांगायला हवं. माझं दहावीपर्यंत मराठी मिडीयम, जिल्हा परिषदेची शाळा, नंतर दापोलीला कृषी विद्यापीठात. माझा विषय हापूसमधला साका. आपल्याकडे कुणाला सांगायला नको, वरून फळ एकदम सोन्यासारखं, कापलं की आत पांढरट, स्पंजसारखं, आंबट. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही, आणि पेटीतले दोन आंबे तसे निघाले की गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. तर त्यावर मी पेपर लिहिला आणि पाठवला, आणि दोन महिन्यांनी परत आला. रिव्ह्यूअरनं, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञानं, लिहिलेलं की भाषा खराब आहे, इंग्रजी मातृभाषा असलेल्या कुणाकडून तरी तपासून घ्या. मी दोन दिवस जेवले नाही नीट. मग एका ऑनलाइन एडिटिंगवाल्यांना सहा हजार दिले, त्यांनी 'अ' 'अँ' 'द' सरळ केले, स्वल्पविराम हलवले, आणि पेपर दुसरीकडे पाठवला तर तिथूनही परत. या वेळी त्यांनी लिहिलं की यात नवीन काय आहे तेच कळत नाही.

तो पेपर घेऊन मी क्लासला गेले. पहिल्या दिवशी आमच्या बॅचला शिकवणाऱ्या मॅडमनी व्याकरणाची टेस्ट वगैरे काही घेतली नाही, एक कागद दिला आणि लिहायला सांगितलं की तुम्हाला इंग्रजीत नेमकं काय करायचंय, कुणासमोर करायचंय, बोलून की लिहून, आणि कधीपर्यंत. बस्स. माझ्या शेजारचा मुलगा फिशरीजचा, शिरगावहून येणारा, त्यानं लिहिलं की कोळंबीवरचं पोस्टर प्रेझेंटेशन. एकीनं लिहिलं की बँकेतले ईमेल, तिला मॅडमनी स्पष्ट सांगितलं की हा क्लास तुझ्या कामाचा नाही, आणि फी परत केली. हे मला फार आवडलं. नंतर कळलं की या सगळ्या विषयाची सुरुवातच तिथून होते, शिकणाऱ्याला भाषा कशासाठी हवीय हे आधी शोधायचं आणि मग काय शिकवायचं ते ठरवायचं. याला इंग्लिश फॉर स्पेसिफिक पर्पजेस म्हणतात, त्यातला शिक्षण आणि संशोधनाचा भाग म्हणजे इंग्लिश फॉर अकॅडमिक पर्पजेस, आणि यावर जगभर रीतसर संशोधन चालतं, 1980 पासून स्वतंत्र जर्नल आहे. मला वाटायचं इंग्रजी म्हणजे काळ, क्रियापद आणि शब्द पाठ करणं.

माझा पेपर मॅडमनी अख्ख्या बॅचसमोर स्क्रीनवर लावला. मला घाम फुटला. पण त्यांनी एकही व्याकरणाची चूक दाखवली नाही, फक्त प्रस्तावना वाचली आणि विचारलं, "अगं, तू हे काम का केलंस? याआधी कुणी केलं नव्हतं का?" मी म्हटलं, केलंय की मॅडम, खूप जणांनी केलंय, कुणी म्हणतं जमिनीच्या उष्णतेनं होतो, कुणी म्हणतं बाठा, म्हणजे कोय, आतल्या आत रुजायला लागतो त्यामुळे होतो, पण आपल्याकडे कातळावरच्या कलमांखाली गवत अंथरून नेमका किती फरक पडतो ते मला बघायचं होतं. तर त्या म्हणाल्या, "हे इतकं छान सांगितलंस, मग हे कागदावर कुठाय?" आणि खरंच नव्हतं. मी प्रस्तावनेत आंबा फळांचा राजा, कोकणात इतकं क्षेत्र, हापूसला 2018 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हे सगळं भरलेलं, आणि मग एकदम 'मटेरियल्स अँड मेथड्स', म्हणजे प्रयोग कसा केला तो भाग.

जॉन स्वेल्स म्हणून एक अभ्यासक आहेत, त्यांनी पेपरांच्या प्रस्तावना घेऊन तपासलं की लेखक एकामागून एक काय करत जातात. त्यातून त्यांनी जे मॉडेल मांडलं, 1990 चं रूप सगळ्यात प्रसिद्ध, त्यात तीन पायऱ्या आहेत. मॅडमनी ते आमच्या भाषेत सांगितलं, आधी वाडी दाखव, मग त्या वाडीतली पडीक जागा दाखव, मग तिथं तू काय लावणार ते सांग. माझ्या पेपरात वाडी होती दीड पान, पडीक जागा नव्हतीच, त्यामुळे रिव्ह्यूअरला मी नवीन काय लावलं ते कळणार कसं. पहिल्या रिव्ह्यूअरनं त्यालाच 'भाषा खराब' म्हटलं असावं असं मला आता वाटतं. दोन वर्षं मी स्वतःला इंग्रजी येत नाही म्हणून कोसत होते हो, आणि अडचण होती एका परिच्छेदाची! तो परिच्छेद मी त्या दिवशी आधी मराठीत लिहिला, मग इंग्रजीत, सात वाक्यं. नंतर कितीतरी वेळा बदलला, पण त्या दिवसाचा कागद अजून जपून ठेवलाय.

आता पार्टिशनची गोष्ट. पाचव्या की सहाव्या आठवड्यात आमचं 'हेजिंग' चालू होतं, म्हणजे पुरावा जेवढा तेवढाच दावा करायचा, त्यासाठी इंग्रजीत 'मे', 'माइट', 'सजेस्ट', 'अपिअर' असले शब्द कसे वापरतात ते. माझं वाक्य होतं की गवताच्या आच्छादनानं साका थांबतो. मॅडम म्हणाल्या, "किती बागा?" दोन, पावसच्या बाजूला. "किती हंगाम?" एक. "मग देवगडच्या बागायतदाराला छातीवर हात ठेवून सांगशील का, की थांबतोच म्हणून?" मी गप्प. मग त्यांनी फळ्यावर मराठीतच तीन वाक्यं लिहिली, साका उष्णतेनं होतो, साका उष्णतेनं होत असावा, साका उष्णतेनंही होत असेल. म्हणाल्या, फरक कळतो ना तिन्हीतला, बाजारात आंबेवाल्याशी बोलताना बरोबर वापरता, मग इंग्रजीतही तोच फरक करायचाय, नवीन काही नाही. इतक्या वर्षांत मला कुणी असं सांगितलं नव्हतं की हे मला आधीपासून येतं.

आणि बरोबर त्याच वेळी पलीकडून, नेव्हीवाल्या बॅचला शिकवणाऱ्या कॅप्टनसरांचा आवाज, "मे नाही! मे म्हणायचं नाही! रेडिओवर मे बोललास तर बोट घालवशील!" आमच्या बॅचमध्ये सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मॅडम हसल्या, आणि दोन्ही बॅचना एकत्र बसवून अर्धा तास त्यावरच बोलल्या. जहाजांसाठी आयएमओनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं, 2001 मध्ये ठरावीक इंग्रजी वाक्यांचा संच मंजूर केलाय, एसएमसीपी म्हणतात त्याला, आणि त्यात 'मे', 'माइट', 'शुड', 'कुड' हे शब्द टाळायलाच सांगितलंय. कारण साधं आहे, 'मे आय एंटर द फेअरवे' (फेअरवे म्हणजे जहाजांचा ये-जा करायचा मार्ग) म्हटलं आणि समोरून 'यू मे' आलं तर ती परवानगी आहे की नुसता अंदाज, हे रात्रीच्या वेळी खरखरणाऱ्या व्हीएचएफ रेडिओवर, बोलणारा एका देशाचा आणि ऐकणारा दुसऱ्या देशाचा, कळायचं कसं. म्हणून आधी 'क्वेश्चन' हा शब्द म्हणायचा, मग 'डू आय हॅव परमिशन टू एंटर द फेअरवे', आणि समोरच्यानं 'आन्सर' म्हणून परवानगी आहे की नाही ते स्वच्छ सांगायचं. असे आठ शब्द आहेत, वॉर्निंग, अॅडव्हाइस, रिक्वेस्ट वगैरे, म्हणजे पुढचं वाक्य काय प्रकारचं आहे ते ऐकणाऱ्याला आधीच कळतं. आकडेही सुटे सुटे, 150 म्हणजे 'वन फाइव्ह झीरो'. सुकाणूच्या अंशांचं तेवढं वेगळं, तिथं 15 ला 'फिफ्टीन' असंच म्हणतात.

माझा मामेभाऊ त्याच बॅचला होता, जयगडचा, आमच्या मामाची तिसरी पिढी बोटीवर. मामा खलाशी म्हणून गेले तेव्हा तिथंच ऐकून ऐकून शिकले, त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आता हा पोरगा घरी जेवतानासुद्धा "क्वेश्चन. इज देअर एनी मोअर सोलकढी?" करतो आणि आजी "आन्सर" म्हणायला शिकलीय. तर त्या दिवशी मला जे कळलं ते हे, की 'चांगलं इंग्रजी' अशी एकच वस्तू नसते. भिंतीच्या अलीकडे 'मे' घातला नाही तर मी खोटी ठरते आणि पलीकडे घातला तर जहाज अडकतं. हे शिकवणारा क्लास रत्नागिरीत आहे याचा मला खरंच अभिमान वाटतो.

शब्दांबद्दल थोडं. एव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 साली आलेली अकॅडमिक वर्ड लिस्ट आहे, 570 शब्दकुटुंबांची, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुटुंब. आम्हाला वाटलं आता ती पाठ करायला देणार. मॅडमनी ती दाखवली आणि सांगितलं की ही सुमारे 35 लाख शब्दांच्या मजकुरातून काढलीय, कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान, यात शेती कुठाय? तुमची यादी तुम्ही काढा. मग प्रत्येकानं आपापल्या विषयाचे वीस पेपर गोळा करायचे आणि अँटकाँक नावाच्या, कुठला शब्द किती वेळा आणि कसा आलाय ते दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे, फुकट मिळतं ते. पीडीएफचं टेक्स्ट करताना दोन कॉलम एकात एक घुसले, दोन रविवार त्यातच गेले माझे, पण नंतर जे दिसलं ते भारी होतं. 'प्रूव्ह' शोधलं तर माझ्या वीस पेपरांत जवळजवळ नाहीच, आणि मी माझ्या एका पेपरात सहा वेळा वापरलेला.

आता न आवडलेलं. जागा अपुरी, बावीस जणांना दोन पंखे, मे महिन्यात बसवत नाही. लाइट गेली की इन्व्हर्टर नाही, जुलैमध्ये तीन लेक्चर मोबाइलच्या उजेडात झाली. लिहून दिलेलं तपासून मिळायला सांगतात आठवडा आणि लागतात तीन, कारण मॅडम एकट्या आणि ओळ न् ओळ वाचतात, मला कारण मान्य आहे पण थिसिसची तारीख डोक्यावर असेल तर जीव जातो, त्यांनी अजून एक माणूस घ्यायलाच हवा. प्रेझेंटेशनची प्रॅक्टिस फक्त दोनदा झाली, ती फार कमी आहे, प्रश्नोत्तरात आपण सगळे तिथंच अडकतो. आणि दापोली, राजापूरकडून येणाऱ्यांना साडेनऊची वेळ शक्यच नाही, एसटी धरायला पहाटे उठावं लागतं. दुपारची बॅच काढा असं मी लेखी दिलंय.

एआयबद्दल पण विचारलं होतं काहींनी. त्यांचा नियम असा की पहिला मसुदा आपला, मग टूल वापरा, पण टूलनं काय बदललं आणि का ते समासात लिहून आणा. माझ्या एका वाक्यातला 'मे' टूलनं काढून टाकला होता, वाक्य गुळगुळीत झालं आणि दावा दुप्पट मोठा. तो मला सापडला तेव्हा मॅडमनी वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या.

पेपरचं म्हणाल तर तिसरीकडे पाठवला, गेल्या महिन्यात रिव्हिजन आलं, म्हणजे नाकारला नाही, सुधारून पाठवा म्हणाले. दोन रिव्ह्यूअर, अकरा मुद्दे, सगळे तापमानाच्या नोंदी आणि स्टॅटिस्टिक्सवर. भाषेवर एकही नाही. मी तो ईमेल आईला वाचून दाखवला, तिला अर्थ कळला नाही पण ती देवापाशी साखर ठेवून आली.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे असं कळलंय, मार्चच्या आत संपते, म्हणजे आंबा उतरायच्या घाईत सापडत नाही, बागवाल्या घरातल्यांनी हीच धरा. जाताना आपला स्वतःचा लिहिलेला मजकूर न्या, कितीही कच्चा असू दे, आणि आपल्या विषयाचे चार पाच पेपर प्रिंट काढून शनिवारीच ठेवा, रविवारी खालचं झेरॉक्सचं दुकान बंद असतं.