फोसेच्या पाच चित्रपटांचा संच: घ्या, पण पाचवा तपासून

दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडई (गावजत्रा) आणि नाटकांचा हंगाम लागतो, आणि बिछायत केंद्रवाल्यांकडे मांडव, दऱ्या (सतरंज्या), साउंडसाठी ओढाताण सुरू होते. त्यातल्याच एका केंद्रानं आता प्रोजेक्टर, पडदा आणि चित्रपट असा पाच रात्रींचा संच भाड्यानं द्यायला सुरुवात केली आहे. गावातली शाळा, वाचनालय, महिला मंडळ हे त्यांचं गिऱ्हाईक. रात्रीला दीड हजार, ऑपरेटर त्यातच. गाडीचं डिझेल आणि ऑपरेटरचं जेवण वेगळं. संच बरेच आहेत. इथं फक्त फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित फोसेच्या संचाबद्दल. चित्रपट निवडणाऱ्याला विषय कळतो, सामानही बरं आहे, फाइली मात्र मिळतील तशा गोळा केल्या आहेत, आणि एका ठिकाणी त्यामुळे सगळा संचच लंगडा पडतो.

केंद्राच्या यादीत पहिल्या रात्री ‘ला बूम’ आहे, कारण त्यात गाणी आणि पोरंपोरी. हा क्रम मानू नका. सुरुवात १९५२ च्या ‘ज्यो अँतेर्दी’नंच करा. रेने क्लेमाँचा हा चित्रपट, लांबी ८६ मिनिटं, काळा-पांढरा. फोसेचा जन्म १५ जून १९४६ चा, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी ती जेमतेम पाचेक वर्षांची. गोष्ट जून १९४० ची: जर्मन विमानं रस्त्यावरच्या निर्वासितांवर गोळ्या झाडतात, पुलावर पोलेत नावाच्या पोरीचे आईबाप मरतात, तिचं कुत्रंही मरतं. मेलेलं कुत्रं उराशी धरून ती एका शेतकऱ्याच्या घरी पोचते. त्या घरातला धाकटा पोरगा मिशेल आणि ती मिळून एका पडक्या गिरणीत मेलेल्या जीवांचं स्मशान मांडतात आणि त्यासाठी खऱ्या दफनभूमीतले क्रूस चोरायला लागतात. चोरीचा आळ शेजारच्या घरावर जातो. दोन शेतकरी घरांचं हे वैर आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेताच्या धुऱ्यावरून तीन पिढ्या न बोलणारी घरं प्रत्येक गावात आहेत. त्या भांडणाच्या प्रसंगांना लोक मोकळेपणी हसतात आणि चित्रपटाला ते हवंच आहे.

फोसेचं काम बघताना एक गोष्ट ध्यानात घ्या. बालकलाकाराला रडायला लावणं दिग्दर्शकाला सोपं असतं. इथं पोलेत फार कमी रडते. ती बघते, प्रश्न विचारते, हट्ट करते. मरण म्हणजे काय हे न कळलेलं मूल क्रूस गोळा करण्यात जो गंभीर आनंद घेतं, तो त्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतो. शेवट रेल्वे स्टेशनातल्या गर्दीत होतो. तिथं तिच्या तोंडी संवाद असे नाहीतच, फक्त हाका. या चित्रपटाला १९५२ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सुवर्णसिंह मिळाला आणि परभाषेतल्या चित्रपटासाठीचा मानद ऑस्करही. मिशेल झालेला जॉर्ज पुजुली वयानं तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, आणि चित्रपट खरं तर दोघांचा आहे. पोस्टरवर मात्र जगभर तीच लक्षात राहिली.

याच चित्रपटाच्या वेळी ऑपरेटरकडून दोन चुका हमखास होतात. पहिली पडद्याच्या मापाची. चित्राचं प्रमाण १.३७ ला १ आहे, जवळपास चौकोनी. केंद्राचा पडदा १२ फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच. त्यावर खरं चित्र सव्वानऊ फूट रुंद बसतं आणि दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा फुटापेक्षा थोडी जास्त काळी पट्टी राहते. ऑपरेटरला ती पट्टी म्हणजे बिघाड वाटतो, तो ‘फुल’ दाबून चित्र ताणतो, आणि पाच वर्षांची पोर गालफुगी दिसू लागते. प्रोजेक्टरच्या मेनूत ‘ऑटो’ किंवा ‘४:३’ ठेवायला सांगा आणि रिमोट आपल्याजवळ ठेवा.

दुसरी चूक आवाजाची. नार्सिसो येपेसनं वाजवलेली एकट्या गिटारची धून हेच या चित्रपटाचं संगीत, आणि ध्वनिमुद्रण मोनो. लग्नाच्या वरातीला वापरतात त्या बेसच्या पेट्यांवर ते घुमतं आणि बोलणं गढूळ होतं. बेसच्या पेट्या बंद, मिक्सरवर खालचा स्वर शून्यावर, इको पूर्ण बंद, आणि दोन साध्या पेट्या पडद्याच्या दोन्ही अंगांना पडद्याला चिकटूनच. मैदानाच्या चार कोपऱ्यांत पेट्या ठेवल्या तर प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी आवाज पोचतो. आवाज एका सेकंदात साधारण ११०० फूट जातो, म्हणजे शंभर फुटांवरच्या पेटीत अंतर कानाला कळण्याइतकं असतं.

‘ज्यो अँतेर्दी’नंतर फोसे सलग काम करत राहिली नाही. १९५७ मध्ये जीन केलीच्या ‘द हॅपी रोड’मध्ये ती शाळेतून पळालेल्या मुलीच्या भूमिकेत आहे. तो संचात नाही, आणि नसल्यानं फार बिघडत नाही. पुढं शिक्षण. बालपणी गाजलेल्या बहुतेकांचं जे होतं, म्हणजे दरवर्षी एक चित्रपट आणि पंधराव्या वर्षी विस्मरण, ते तिचं झालं नाही ते या मोठ्या खंडामुळेच, असं संच ओळीनं बघितल्यावर वाटतं.

दुसऱ्या रात्रीसाठी १९६७ चा ‘ल ग्राँ मोल्न’ आहे, आलँ-फुर्निएच्या कादंबरीवरचा, दिग्दर्शक ज्याँ-गाब्रिएल आल्बिकोको. इथं ती विशीतली, इव्होन द गालेच्या भूमिकेत. चित्राच्या कडा मुद्दाम पसरट, धुकट केल्या आहेत. ऑपरेटर फोकस फिरवत बसला तर थांबवा. चित्रपट सुंदर आहे पण संथ आहे, आणि उघड्यावर, थंडीत, दरीवर बसून दोन तासांच्या जवळ जाणारं हे धुकं पेलत नाही. पाचांतली एक रात्र गाळायची असेल तर हीच गाळा.

तिसरा, १९७७ चा, फ्राँस्वा त्रुफोचा ‘लोम की एमे ले फाम’. सुरुवात मोंपेलिएच्या दफनभूमीत होते: एका पुरुषाच्या अंत्ययात्रेला फक्त बायकाच आल्या आहेत. त्या पुरुषानं लिहिलेलं पुस्तक छापायला घेणारी संपादक जनव्हिएव्ह म्हणजे फोसे. तिच्या आवाजात गोष्ट उघडते आणि मिटते. त्या माणसाला इतर सगळ्याजणी भेटतात, ही एकटी त्याला वाचते. संचातली मोठेपणीची सर्वांत समजूतदार भूमिका ही, आणि फोसे ती जराही आवाज न चढवता करते. विषय मोठ्यांचा आहे; शाळेच्या पटांगणात लावू नका, वाचनालयात खुर्च्या मांडून दाखवा. १९७४ चा ‘ले व्हाल्सज’ संचात घेतला नाही, तेही शहाणपणाचं. त्यातला तिचा रेल्वेच्या डब्यातला प्रसंग प्रसिद्ध आहे, पण गावात पडद्यावर तो लावून दुसऱ्या दिवशी सरपंचाच्या ओट्यावर उत्तरं देत बसायची हौस कुणाला नसावी.

चौथा ‘ला बूम’, १९८०, दिग्दर्शक क्लोद पिनोतो. तेरा वर्षांच्या व्हिकची भूमिका सोफी मार्सोची, आणि तिचाही हा पहिलाच चित्रपट. तिच्या आईच्या, फ्राँस्वाजच्या भूमिकेत फोसे. बाप झालाय क्लोद ब्रासर, पणजी दनीज ग्रे. पोट्ट्यांना पार्टी, प्रेम आणि व्लादिमीर कोस्माची गाणी आवडतील, आयांना फोसे. नवऱ्याचं प्रकरण कळल्यावरचा तिचा राग विनोदी अंगानं येतो आणि तरी खोटा वाटत नाही. पण मजा क्रमात आहे. पहिल्या रात्री स्टेशनात हाका मारणारी पोर बघितलेली असेल, तर चौथ्या रात्री नव्यानं पडद्यावर आलेल्या दुसऱ्या एका मुलीची आई होऊन ती उभी राहते हे प्रेक्षक आपणहून ओळखतात. ‘ला बूम’ पहिल्या रात्री लावला की हे सगळं वाया जातं.

आता पाचवा. यादीत लिहिलंय ‘चिनेमा पारादीसो’, जुझेप्पे तोर्नातोरेचा १९८८ चा इटालियन चित्रपट. खेड्यातलं थिएटर, त्यातला प्रोजेक्टरवाला आणि त्याच्या मागं लागलेलं पोर. गावात हा हमखास चालतो. अडचण अशी की फोसेच्या संचात दिलेल्या फाइलीत फोसे नाहीच. या चित्रपटाच्या वेगवेगळ्या लांबीच्या प्रती आहेत. जगभर गाजली आणि ऑस्कर मिळवून गेली ती सुमारे १२४ मिनिटांची. त्या प्रतीत नायकाची तरुणपणीची प्रेयसी एलेना पुढं कधी भेटतच नाही. २००२ मध्ये पुन्हा प्रदर्शित झालेली लांब प्रत सुमारे १७३ मिनिटांची. तिच्यात मध्यमवयीन एलेना भेटते, ती फोसे. केंद्रानं छोटी प्रत भरून यादीवर फोसेचं नाव टाकलं आहे. चार रात्री एका बाईचं वय वाढताना बघितलेला प्रेक्षक पाचव्या रात्री तिची वाट बघत राहतो आणि चित्रपट संपतो.

छोटी प्रत चित्रपट म्हणून जास्त घट्ट आहे, हे कबूल. लांब प्रतीत उलगडा होतो आणि जादू थोडी ओसरते, असं मानणारे पुष्कळ आहेत. पण हा संच अभिनेत्रीचा आहे. रात्रीच्या अंधारात मोटारीतल्या त्या भेटीत फोसेला जे करायचं आहे ते अवघड आहे: प्रेक्षकांनी ज्या मुलीवर तासभर जीव लावला, तीच आपण आहोत हे तिला केवळ नजरेनं पटवायचं आहे. ते ती पटवते. म्हणून लांब प्रतच मागा. तपासायची रीत सोपी: फाइल उघडून एकूण वेळ बघा. दोन तास चार मिनिटं किंवा १ तास ५९ मिनिटं दिसली तर छोटी. दोन तास पन्नासच्या पुढं, किंवा २ तास ४६ च्या आसपास, तर लांब. एकाच प्रतीच्या दोन वेळा असण्याचं कारण असं: युरोपातल्या जुन्या डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी पळतो, त्यामुळे सुमारे चार टक्के वेळ कमी भरतो.

हेच कारण सबटायटलच्या गोंधळामागं आहे. मराठी सबटायटलचं भाषांतर नीट आहे, पण ‘ज्यो अँतेर्दी’ची फाइल २४ ची आणि सबटायटल २५ साठी बेतलेलं. दर मिनिटाला अडीच सेकंद ते पुढं पळतं. शेवटाला साडेतीन मिनिटं. म्हणजे मिशेलच्या नावाची हाक स्टेशन यायच्या आधीच पडद्यावर उमटते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी आणि एच दाबून हे सुटत नाही, कारण ती बटणं सगळ्या ओळी सारख्याच सरकवतात आणि इथं अंतर वाढत जातं. सबटायटल एडिट या मोफत प्रोग्रॅममध्ये चौकटींचा वेग २५ वरून २३.९७६ (२४ ची म्हणतात त्या फाइलीचा नेमका वेग) करून फाइल पुन्हा साठवली की काम झालं, पाच मिनिटांचा खेळ. प्रोजेक्टरमधल्या प्लेअरवर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलत्या अक्षरावर जातात. लॅपटॉपवरून एचडीएमआय केबलनं लावलं तर फुटत नाहीत. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फूट हवी, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांमागं ओळी जातात. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी एकानं माइकवर हळू आवाजात ओळी वाचल्या तर ‘ज्यो अँतेर्दी’ आणि ‘ला बूम’ आरामात निभतात. त्रुफोचा नाही, त्यात बोलणं फार.

सामानाबद्दल तक्रार थोडी. केंद्राकडं दोन प्रोजेक्टर आहेत. ३००० लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) दिव्याचा मागा. दुसरा छोटा एलईडीचा, खोक्यावर हजारोंचा आकडा छापलेला, प्रत्यक्षात काहीशे लुमेनचा. ८१ चौरस फुटांच्या पडद्यावर तो पडक्या गिरणीतले अंधारे प्रसंग चिखल करून टाकतो. दिवा गरम असताना प्रोजेक्टरची वायर उपटली किंवा लाइट गेली की पंखा थांबतो आणि दिव्याचं आयुष्य घटतं, म्हणून इन्व्हर्टर मध्ये घ्याच. १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीवर ३५० वॅटचा भार तीन तासांच्या आसपास चालतो. लांब ‘पारादीसो’ त्यात कसाबसा बसतो, तेव्हा साउंड वेगळ्या लाइनवर ठेवा.

ऑक्टोबरमध्ये धान उभं असताना लावू नका. तुडतुडे उजेडावर येऊन पडदा भरून टाकतात. डिसेंबर-जानेवारीत साडेसहाला पुरता अंधार असतो. सात वाजता सुरू करून दव पडायच्या आत संपवा, ओला पडदा लोंबतो.

परवान्याबद्दल केंद्रवाला गुळमुळीत बोलतो. शाळेनं विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरतं दाखवायला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. चौकात सगळ्या गावाला दाखवायचं तर हक्कधारकाची परवानगी आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, ते भाड्यात येत नाही. तिकीट तर लावूच नका. बुकिंग करताना पावतीवर ‘पारादीसो, १७३ मिनिटं’ असं लिहून घ्या, आणि तशी फाइल आली नाही तर चारच रात्रींचे पैसे द्या.