अकरा महिने, एकसष्ट वाकळा आणि एक इन्स्टाग्राम खातं

आमच्याकडे वाकळ, म्हणजे गोधडी, शिवणं हा काही धंदा नव्हता. दुपारची जेवणं उरकली की सासूबाई (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) सोप्यात जुनी लुगडी अंथरायच्या, शेजारच्या दोघी यायच्या आणि तिघींच्या सुया चार वाजेपर्यंत चालायच्या. एकदा पुण्याच्या नणंदेच्या मैत्रिणीनं एक वाकळ मागून नेली आणि पैसे हातात ठेवले. तेव्हा डोक्यात आलं, इन्स्टाग्रामवर फोटो टाकून बघू.

पहिले दोन महिने मी खात्यावर सगळंच टाकत होते. वाकळ, कुरडया, शेंगदाण्याची चटणी, दिवाळीच्या पणत्या, मधेच आमची मांजर. लाइक मांजरीला. मग एकदा या ॲपचीच गोष्ट वाचली. केविन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर या दोघांचं आधी ‘बर्बन’ नावाचं ॲप होतं. आपण कुठे आहोत ते कळवा, बेत ठरवा, फोटो टाका, असा सगळा बाजार त्यात भरलेला. लोक आवडीनं वापरत होते ते फोटो. म्हणून त्यांनी बाकीचं काढून टाकलं आणि 6 ऑक्टोबर 2010 ला इन्स्टाग्राम आणलं. पहिल्याच दिवशी पंचवीस हजार लोक आले. मी त्याच रात्री चटणी, पणत्या आणि मांजर काढली. पंचवीस हजार काही आले नाहीत, पण ‘ताई, ही केवढ्याला?’ असं विचारणारे आले.

फोटोचं तंत्र सांगण्यासारखं फार नाही. सकाळी नऊच्या सुमाराला सोप्यात ऊन येत नाही पण उजेड असतो, तेव्हा बाजेवर वाकळ टाकायची आणि फोन हातात धरायचा. फिल्टर अजिबात नको. हे मी पैसे मोजून शिकले. एका डाळिंबी इरकलीच्या वाकळेला मी जरा रंग चढवला होता. ठाण्याच्या बाई म्हणाल्या, फोटोत लाल होती, इथं विटकरी निघाली. त्यांचं बरोबरच होतं. वाकळ परत घेतली, दोन्हीकडचं पार्सल माझ्या खिशातून गेलं. आणखी एक चूक म्हणजे कुठल्यातरी जुन्या व्हिडिओवर विसंबून मी सगळे फोटो चौकोनी काढत बसले. प्रोफाइलवर 2025 पासून उभे आयत दिसतात, त्यात दोन्ही बाजूंची किनार गायब. वाकळेची किनारच गेली तर बघायचं काय?

काय विकलं जातं याचे माझे अंदाज मात्र साफ चुकले. टिकटॉकवर जून 2020 मध्ये बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात आपल्याकडे रील्स आले. तेव्हापासून जो तो सांगतो की फोटोचे दिवस संपले, रील करा. केले. आत्यांचे हात, सुई, बांगड्यांची किणकिण, वर गाणं नाही. एक रील एक्केचाळीस हजार वेळा बघितलं गेलं आणि ऑर्डरी आल्या तीन. त्याच आठवड्यात वाकळेच्या उलट्या बाजूचा एक साधा फोटो टाकला होता, तो जेमतेम नऊशे लोकांनी पाहिला असेल, त्यावर सात. जाणकार बाई वाकळ हातात घेतली की आधी उलटून बघते, टाके सारखे आहेत का, दोरा कुठं ओढलाय का. फोटोनं तेवढं उलटून दाखवलं. आता प्रत्येक वाकळेचा दुसरा फोटो उलट्या बाजूचाच असतो.

आत्या तोंड दाखवायला तयार नाहीत. ‘माझं त्वांड कशाला त्यात? वाकळ दाव की.’ म्हणून फक्त हात. लोकांना ते हात इतके ओळखीचे झालेत, की मध्यंतरी शेजारच्या काकूंचे हात आले तर तिघींनी विचारलं, आत्या बऱ्या आहेत ना?

यजमानांचा प्रश्न पहिल्यापासून एकच: फोटो बघून पोट भरतं का? फेसबुकनं एप्रिल 2012 मध्ये इन्स्टाग्राम शंभर कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिथे तेरा माणसं कामाला होती, वापरणारे तीन कोटींच्या घरात आणि कमाई शून्य. पहिली जाहिरात दिसायला नोव्हेंबर 2013 उजाडला. विकली गेली ती लोकांची रोज येऊन बघायची सवय. मी हे ऐकवलं तर म्हणाले, ‘मग आपल्या खात्याचे किती येतील?’

खरी अडचण वेगाची. या ॲपला रोज काहीतरी नवीन लागतं आणि एक वाकळ व्हायला दोन आठवडे. मी आधी जुनेच फोटो फिरवून फिरवून टाकत होते. मग कंटाळून अर्धवट वाकळ टाकली: लुगड्याचे थर लावलेत, कडेनं धावदोरा घातलाय, मधलं रिकामं. ती पुरी व्हायच्या आतच गेली. एकीनं तर मधल्या ठिगळाचा रंगसुद्धा बदलून मागितला. तेव्हापासून आम्ही तयार माल ठेवतच नाही, अर्धे पैसे आधी घेऊन शिवतो. भांडवल अडकत नाही, आणि रोज टाकायला फोटोही मिळतो.

फॉलोअर्सच्या नादाला मीही लागले होते. ‘सोशल मीडिया सांभाळतो’ म्हणणाऱ्या एकाला दीड हजार दिले, त्यानं रातोरात पाच हजार माणसं आणून बसवली. त्यातल्या एकानंही वाकळ म्हणजे काय हे विचारलं नाही. नंतर हातानं एकेक काढत बसले. आज चौतीसशे आहेत, त्यातले निम्मे तरी खरे गिऱ्हाईक किंवा गिऱ्हाइकाच्या बहिणी. मी आकडा बघते तो ‘सेव्ह’चा. सेव्ह करणारी बाई पगार झाला की येते.

शब्दांचंही एक आहे. आम्ही म्हणतो वाकळ, पुण्या-मुंबईची मंडळी शोधतात गोधडी. नुसतं ‘वाकळ’ लिहिलं तर गावाकडचे लोक हळवे होतात, पण विकत घेत नाहीत. त्यांच्या घरी चार असतात. आता दोन्ही लिहिते. आणि किंमत फोटोखालीच लिहिते, 2,600 रुपये. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ लिहिलं होतं तेव्हा दिवसाला वीस जणींना तेच तेच उत्तर द्यायचे आणि आकडा ऐकला की अठराजणी गप्प.

सौदा इथं होत नाही, तो व्हॉट्सॲपवर होतो. खाली लिहिलेल्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही, म्हणून नंबराची लिंक प्रोफाइलवर आहे. एकसष्टपैकी एकोणीस वाकळा तर इन्स्टाग्राम न वापरणाऱ्यांनी घेतल्या. कुणीतरी स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला, तिथून. पावसाळ्यात एका कुरिअरनं पार्सल ओलं करून पोचवलं, तेव्हापासून आत दोन प्लास्टिक पिशव्या.

सगळ्यात चांगली कामं मात्र खात्यावर दिसतच नाहीत. कोथरूडच्या एका बाईंनी त्यांच्या गेलेल्या आईच्या सहा साड्या पाठवल्या. वाकळ करा, पण फोटो टाकू नका, म्हणाल्या. आत्यांनी घडी उलगडली, वास घेतला आणि त्या दिवशी कात्री लावलीच नाही. अशा पाच झाल्या. दर जास्त, घाई नाही, आणि पाचही जणींनी आम्हाला याच फोटोंवरून शोधलेलं.

इन्स्टाग्रामला माझे पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा गेला तो रोज रात्री जाणाऱ्या दीड तासाचा. एक ठेवून घेतलाय, कारण ॲपला रोज नवीन लागतं, पण आत्यांना चष्मा लागलाय आणि आता वाकळेला दोनाऐवजी तीन आठवडे लागतात. बुकिंग पुढच्या फेब्रुवारीपर्यंत भरलंय.