लासीचा साचा की ओमॉप? ज्येष्ठांच्या नोंदी जुळवायला बसण्याआधी

“आजी, तुम्हाला बीपी आहे का?”

“होता. गोळी सुरू केल्यापासून नाही.”

परळच्या चाळीत आमच्या पाहणीतल्या मुलीने या उत्तरावर ‘नाही’ची खूण केली. दादरला फॉर्म भरणाऱ्या दुसऱ्या गटाने अशाच उत्तराला ‘हो’ लावलं. दोन्ही एक्सेल फाइल्स एकाखाली एक चिकटवल्या, तेव्हा परळचे म्हातारे दादरच्या म्हाताऱ्यांपेक्षा ठणठणीत निघाले. आठवडाभर आम्ही कारणंही शोधत होतो. गिरणीतले कष्ट, जिन्यांची सवय, काय काय.

हे एकदा अंगाशी आलं की माणूस ‘साचा’ शोधायला लागतो, म्हणजे सगळ्यांनी माहिती एकाच पद्धतीने विचारायची आणि लिहायची. ज्येष्ठांवर काम करणारी संस्था असो किंवा रुग्णालयातला वृद्धोपचार विभाग, आपली माहिती इतरांच्या माहितीत मिसळता यावी असं वाटत असेल तर माझ्या मते विचार करण्याजोगे पर्याय दोन.

पहिला अगदी दाराशी आहे. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयपीएसने, ‘लासी’ हे म्हातारपणाविषयीचं देशव्यापी सर्वेक्षण चालवलं. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त जणांच्या मुलाखती झाल्या. अमेरिकेत १९९२ मध्ये सुरू झालेलं एचआरएस, इंग्लंडचं एल्सा, युरोपचं शेअर, चीनचं चार्ल्स ही सगळी सर्वेक्षणं याच घराण्यातली. त्यामुळे लासीचे प्रश्न जसेच्या तसे उचललेत, तर तुमचा परळचा आकडा आधी भारताच्या आणि मग बाहेरच्या आकड्यांशेजारी ठेवता येतो. लासीची माहिती अर्ज करून मिळते. इतर देशांशी जुळवून घेतलेली तिची आवृत्तीही तयार आहे, तेव्हा कुठला रकाना कशाशी जुळतो हे मुळापासून शोधावं लागत नाही.

दुसरा ओमॉप. हा प्रश्नांचा नव्हे, कोठाराचा आराखडा आहे: रुग्णालयांतल्या नोंदी संगणकात एकाच पद्धतीने साठवण्याचा. निदान एका तक्त्यात, औषध दुसऱ्यात, मोजमाप तिसऱ्यात, आणि प्रत्येक गोष्टीला ठरलेला सांकेतिक आकडा. मूळ शब्द शेजारच्या रकान्यात जपून ठेवता येतो. काही जुळलंच नाही तर सांकेतिक आकड्याच्या जागी शून्य बसतं, म्हणजे अज्ञान निदान लपत तरी नाही. मला सगळ्यात आवडतं ते हे की माहिती रुग्णालयाबाहेर जावी लागत नाही. सगळ्यांचे तक्ते सारखे असल्याने एकच प्रश्न प्रत्येक ठिकाणी चालवायचा आणि फक्त बेरजा बाहेर आणायच्या.

आता आजींचं बीपी दोन्हींत घालून बघा. लासी विचारतं: डॉक्टरांनी कधी सांगितलं होतं का, औषध चालू आहे का, आणि वर यंत्राने तीनदा मोजतंही. ओमॉपमध्ये हेच निदान, औषध आणि मोजमाप अशा तीन तक्त्यांत जातं, पण केसपेपरवर असेल तरच. आजींना अंघोळीला कुणाचा हात लागतो का, जिना उतरताना भीती वाटते का, सुनेशी बोलणं होतं का, हे केसपेपरवर कोण लिहितो? म्हातारपण बरंचसं तिथेच असतं. ओमॉपला या गोष्टी घेता येत नाहीत असं नाही, पण ओढून-ताणून बसवाव्या लागतात.

शिवाय औषधांची कटकट. ओमॉपची नेहमीची यादी आरएक्सनॉर्म, आणि ती अमेरिकेतल्या औषधांभोवती बांधलेली. आपल्याकडच्या ब्रँडच्या, एका गोळीत दोन-तीन औषधं असलेल्या चिठ्ठ्या घटकांत फोडायला फार्मसीचं शिक्षण झालेलं माणूस लागतं, आणि ते महिनोन्महिने.

म्हणून माझं मत सरळ आहे. घरोघरी जाऊन फॉर्म भरत असाल तर लासी. पाच-सहा वर्षांच्या संगणकीकृत नोंदी आणि पगारी तंत्रज्ञ हाताशी असेल, तरच ओमॉप. दोन्ही एकदम सुरू करू नका.

लासीचा साचा घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. चालण्याचा वेगच घ्या. लासीत चार मीटर चालवतात, एचआरएसमध्ये साधारण अडीच. सेकंदांनी भागून वेग काढला तरी तो तंतोतंत जुळत नाही, कारण उभ्या माणसाला वेग धरायला पहिली पावलं लागतात आणि छोट्या अंतरात तीच जास्त भरतात. तेव्हा अंतर, काठी होती का, सुरुवात उभ्याने की चालत्या पावलांनी, हे सगळं वेगळ्या रकान्यांत लिहा. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत तर आणखी सांभाळून. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितल्यावर गप्प बसलेली कोळीण बाजारात तीन गिऱ्हाइकांचा हिशेब तोंडी करते. शाळा किती झाली ते नोंदवल्याशिवाय तिचे गुण कुणाच्याही गुणांशेजारी ठेवू नका.

माहिती इतरांना देताना नावं काढली की झालं, असं समजणाऱ्यांसाठी मुंबईची एक खोड. पिनकोडचे सहाही आकडे ठेवले तर खोताच्या वाडीतल्या ९७ वर्षांच्या बाई कोण, हे अख्खं गिरगाव सांगेल. अमेरिकी पद्धतीने पहिले तीनच ठेवले तर उरतं ४००, ज्यात ठाणं आणि नवी मुंबईही आली. आम्ही पालिकेचा वॉर्ड ठेवतो आणि नव्वदीपुढचे सगळे एका गटात टाकतो.

आणि साचा कुठलाही घ्या, संमतीपत्र आधी काढून वाचा. ‘ही माहिती इतर संशोधकांना दिली जाईल’ ही ओळ आमच्या पहिल्या फॉर्मवर नव्हती. चार वर्षांनी पुन्हा सह्या घ्यायला गेलो, तर चाळ पुनर्विकासाला गेलेली. काही जण बदलापूरला सापडले, काही विरारला. बीपीवाल्या आजींचा पत्ता वॉचमनलाही माहीत नव्हता.